चमचाभर श्वास

स्वयंपाकघरातला चहाचा छोटा चमचा घ्या आणि पाण्याने भरा. त्यात सुमारे ५ मिलिलिटर पाणी मावते. दिवस पुरे भरण्याआधीच जन्मलेले, एक किलो वजनाचे बाळ एका श्वासात साधारण एवढीच हवा आत घेते. मोठ्या माणसाचा श्वास याच्या शंभरपट असतो! या बाळाच्या अंगातले सगळे रक्त काढून मोजले, तर ते ८० ते ९० मिलिलिटर भरेल. म्हणजे चहाचा कपही पुरता भरणार नाही.

अशा बाळांवर उपचार करणारे डॉक्टर तयार कसे होतात? आपल्या देशात एम.बी.बी.एस.ला साडेपाच वर्षे, बालरोगशास्त्रातील एम.डी.ला तीन आणि नवजात शिशुशास्त्रातील डी.एम.ला आणखी तीन वर्षे लागतात. बेरीज तुम्हीच करा. आठ-साडेआठ वर्षे शिकलेल्या माणसाने शेवटच्या तीन वर्षांत शिकायचे तरी काय, असे तुमच्या मनात आले असेल. पुष्कळच असते, पण येथे आपण एकच गोष्ट पाहू. ती म्हणजे प्राणवायू किती द्यायचा.

पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो. जन्मताच हा सारा कारभार बदलतो, पण एका क्षणात नव्हे. बाळाच्या उजव्या मनगटाला दिव्याची एक पट्टी बांधतात. प्राणवायू घेतलेले रक्त लाल प्रकाश कमी शोषते, यावरून यंत्र रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगते. (ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची.) धडधाकट बाळातही हा आकडा पहिल्या मिनिटाला ६० ते ६५ टक्के, पाचव्या मिनिटाला ८० ते ८५ टक्केच असतो. म्हणजे बाळ प्रथम थोडे निळसर दिसणारच! शिकाऊ डॉक्टरचा हात मात्र लगेच प्राणवायूच्या तोटीकडे जातो. तो आवरणे हा पहिला धडा.

बाळ श्वासच घेत नसेल, तर एक मिनिटाच्या आत पिशवी आणि मुखवटा वापरून हवा द्यायला सुरुवात करावी लागते. याचा सराव आधी रबरी बाहुलीवर होतो. मुखवट्याने नाक आणि तोंड झाकले पाहिजे, डोळे नव्हे. ‘दाबा, दोन, तीन’ असे मोजत मिनिटाला ४० ते ६० वेळा पिशवी दाबायची आणि नजर छातीवर ठेवायची. छाती हलत नसेल, तर बहुधा हवा मुखवट्याच्या कडेने निसटत असते. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच देतात. तिच्यात २१ टक्के प्राणवायू असतोच.

पण जास्त प्राणवायू दिला तर बिघडते काय? डोळ्याच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या नऊ महिने भरत येईपर्यंत वाढत असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ही वाढ अर्धवट राहिलेली असते. प्राणवायू फार झाला की ती थांबते. पुढे नव्या वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात आणि दृष्टिपटल ओढून सोडवतात. मग बाळ आंधळे होते. बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ साली या रोगाचे वर्णन केले. तेव्हा काचपेटीत प्राणवायू सढळ हाताने सोडत असत. त्यात दोष असेल, अशी शंका कुणाला येणार? १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ती बोलून दाखवली. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून प्रयोग केला आणि शंका खरी ठरली. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. प्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली जन्मलेले असेच एक बाळ.

मग डॉक्टरांनी प्राणवायूला हातच आखडता घेतला. अंधत्व घटले, पण श्वासाअभावी दगावणारी बाळे वाढली! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीतही हाच पेच दिसला. रक्तातील प्राणवायू ८५ ते ८९ टक्के राखला त्या गटात मृत्यू अधिक. ९१ ते ९५ राखला त्या गटात डोळ्यांचा रोग अधिक. प्राण आधी, म्हणून आता बहुतेक ठिकाणी ९० ते ९५ ही मर्यादा पाळतात.

पाच आकड्यांची ही चिंचोळी वाट सांभाळायची ती रात्री तीन वाजता, चार-पाच पेट्यांच्या घंटा एकदम वाजत असताना. आकडा खाली गेला की तोटी वाढवायला सारेच धावतात. तो ९६ वर गेला की कमी करायला विसरतात, कारण बाळ छान गुलाबी दिसत असते. जुन्या परिचारिकांना हे पक्के ठाऊक असते आणि शिकाऊ डॉक्टर ते बहुधा त्यांच्याकडूनच शिकतो. (जादा प्राणवायू न घेणाऱ्या बाळाचा आकडा ९८ असला, तरी काळजी नाही.)

आणखी एक तारीख त्याला विसरून चालत नाही. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे नेत्रतज्ज्ञाने ३० दिवसांच्या आत तपासले पाहिजेत. वेळीच लेसर किरणांचा उपचार झाला, तर दृष्टी बहुधा वाचते. पुष्कळदा त्याआधीच आई बाळाला घेऊन गावी निघालेली असते. म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर ही तारीख तो ठळक अक्षरांत लिहितो आणि आईकडून ती एकदा म्हणवून घेतो.