पृथ्वी सपाट की वाटोळी? काठी, कवडसा आणि चंद्र यांची साक्ष

वाचनाचा भाग : ईयोब १३:७, २६:७, स्तोत्र १९.

बुलढाण्याच्या घाटावरील एका लहानशा मंडळीत नुकताच एक वाद माजला. शब्बाथशाळेत एका तरुणाने उभे राहून सांगितले की, पृथ्वी भाकरीसारखी सपाट आहे, सूर्य व चंद्र तिच्यावर दिव्यांप्रमाणे घिरट्या घालतात, आणि जो पृथ्वीला गोल म्हणतो तो पवित्र शास्त्र नाकारतो. हे ज्ञान त्यास मोबाइलवरील चित्रफितींतून लाभले होते. वडील मंडळींपैकी काही हसले, काही रागावले. त्याच्या शंकेस उत्तर मात्र कोणी दिले नाही. पुढील दोन रविवारी तो उपासनेस आला नाही. हसण्याने शंका मिटत नसते. म्हणून या विषयास आम्ही आजचा पाठ देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की हा वाद नवा नाही, आणि तो ख्रिस्ती व अख्रिस्ती यांच्यामधीलही नाही. आपल्या देशात पुराणांची पृथ्वी सपाट असून तिच्या मध्यभागी मेरू पर्वत व त्याभोवती फिरणारा सूर्य असे वर्णन होते. त्यास आपल्याच ज्योतिष्यांनी उत्तर दिले. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावानजीक पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा १२०७ सालच्या सुमाराचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकविण्याकरिता तेथे मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांचा प्रश्न सरळ आहे : मेरूच्या आड गेल्याने सूर्य दिसेनासा होत असेल, तर मेरू उत्तरेस असता सूर्य वर्षातील कित्येक महिने पूर्वेच्या दक्षिणेस कसा उगवतो? पुढे १८३६ साली सिहोर येथे सुबाजी बापू यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ मराठीत लिहून हाच वाद पुन्हा चालविला. मोबाइलवरील नकाशात मेरूच्या जागी उत्तर ध्रुव बसविला आहे, एवढाच काय तो फरक.

आता आपण स्वतः पाहू. आम्ही कोणत्याही विद्वानाच्या नावावर विसंबून राहा असे म्हणत नाही. एक सरळ काठी, बरोबर १०० सेंटीमीटर उंचीची, अंगणात ओळंब्याने उभी करावी. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास दिवस व रात्र समान असतात व सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. त्या दिवशी मध्यान्ही, म्हणजे आपल्याकडे घड्याळात साडेबारा वाजण्याच्या सुमारास, काठीची सावली सर्वांत आखूड होईल. ती बुलढाण्यास सुमारे ३७ सेंटीमीटर भरेल. त्याच दिवशी दिल्लीच्या मध्यान्ही तशाच काठीची सावली सुमारे ५४ सेंटीमीटर, तर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे तब्बल १७३ सेंटीमीटर भरते.

सपाट पृथ्वीचा कैवारी म्हणेल, ‘दिवा जवळ असला म्हणजे सावल्या लहानमोठ्या पडणारच.’ हे त्याचे म्हणणे आपण क्षणभर मान्य करू व त्रैराशिक मांडू. विषुववृत्तापासून बुलढाणा सुमारे २,२८० किलोमीटर आहे. ३७ च्या सावलीस १०० ची काठी, तर २,२८० च्या अंतरास सूर्याची उंची किती? सुमारे ६,१०० किलोमीटर. दिल्लीचे अंतर ३,१७५. तेथून उंची येते सुमारे ५,८००. सेंट पीटर्सबर्गचे अंतर सुमारे ६,६६०. तेथून उंची येते केवळ ३,८५०. एकच दिवा एकाच दिवशी तीन निरनिराळ्या खुंट्यांवर कसा टांगावा? उलटपक्षी पृथ्वी गोल व सूर्य फार दूर मानला, तर सावल्यांवरून निघणारे कोन बुलढाण्यास साडेवीस अंश, दिल्लीस साडेअठ्ठावीस, सेंट पीटर्सबर्गास साठ असे येतात. प्रत्येक अंतरास त्याच्या कोनाने भागले की सर्वत्र एका अंशास १११ किलोमीटर मिळतात. त्यास ३६० ने गुणिले की पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर निघतो. खोट्या हिशेबात दर गावी नवी दुरुस्ती करावी लागते.

दुसरी साक्ष कवडशाची. ज्यांच्या घराच्या पत्र्यास बारीक भोक आहे, त्यांनी एकदाचे त्या भोकाचे आभार मानावेत. (सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये; मुलांस हे बजावून सांगावे.) भोकातून जमिनीवर पडणारा वाटोळा ठिपका ही सूर्याचीच प्रतिमा असते. किरणास आडवा कागद भोकापासून तीन मीटरांवर धरिला, तर ठिपका सुमारे २८ मिलिमीटर रुंद भरतो. भोक बाजूच्या भिंतीत असेल तर सकाळ-सायंकाळीही तेवढ्याच अंतरावर कागद धरून मोजावे. रुंदी तीच येईल. परंतु सपाट पृथ्वीच्या नकाशावर विषुवदिनी सायंकाळी सहा वाजता सूर्य आपणांपासून मध्यान्हीच्या दुपटीहून अधिक दूर गेलेला असतो. तेव्हा ठिपका निम्म्याहून लहान भरावयास हवा. रस्त्याने दूर जाणाऱ्या गाडीचा कंदील लहान होत जातो. मावळता सूर्य होत नाही.

याहून मोठी अडचण अशी की त्या हिशेबाने सूर्य मावळूच नये. वर काढलेली ६,१०० किलोमीटर उंची धरिली, तर सहा वाजता तो क्षितिजाच्या सुमारे २५ अंश वर दिसला पाहिजे. त्याच दिवशीची त्याची उगवतीची दिशाही नेमकी पूर्व न येता जवळजवळ ईशान्य यावी. आमचे शेतकरी बंधू बांधावरच्या झाडावरून उगवतीची जागा ओळखतात. विषुवदिनी सूर्य कोठे उगवतो हे त्यांस आम्ही सांगावयास नको.

आता चंद्र. पौर्णिमेस सूर्य पश्चिमेस मावळतो त्या सुमारास चंद्र पूर्वेस उगवतो. दोघांच्या मध्ये आपण असतो. २०२५ सालच्या सप्टेंबरच्या ७ तारखेस रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्रास पृथ्वीची छाया लागली व ११ वाजता तो पूर्ण ग्रासला गेला. जेथे ढग नव्हते तेथे पुष्कळांनी अंगणात बसून ते पाहिले. त्याच वेळी पूर्व आफ्रिकेत चंद्र नुकताच वर येत होता, तर ग्रहण सुटता सुटता सिडनीस तो मावळतीस टेकला होता. छायेची कड मात्र सर्वत्र वाटोळी. थाळी दिव्यापुढे तिरपी धरिली तर भिंतीवर लांबट सावली पडते, कडेने धरिली तर नुसती रेघ. चेंडू कसाही धरा, सावली गोलच. शिवाय सूर्य व चंद्र दोघेही सदैव पृथ्वीच्या वरच फिरत असतील, तर खालच्या पृथ्वीची छाया वरच्या चंद्रावर पडेल कशी? या प्रश्नास समाधानकारक उत्तर आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या जिल्ह्यातच या विषयाचे एक मोठे चित्र आहे. लोणारचे सरोवर आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने, काळ्या अग्निज खडकात झालेले विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चंद्रावरील विवरे समजून घेण्यास शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करितात. सकाळी काठावर उभे राहिले असता पूर्वेकडील कडा आपल्या सावलीत असतो व पश्चिमेचा कडा उन्हात उजळतो. अष्टमीच्या चंद्राकडे साध्या दुर्बिणीतून पाहावे. उजेड व अंधार यांच्या सीमेवर अशाच शेकडो वाट्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या उजळ दिसतात. चंद्र स्वतः दिवा असता तर त्याच्या खड्ड्यांत सावल्या पडत्या ना.

राहिली पवित्र शास्त्राची गोष्ट, आणि त्या तरुणाचे मन तेथेच अडकले आहे. प्रकटीकरणात पृथ्वीच्या चार कोनांचा, स्तोत्रांत तिच्या पायांचा उल्लेख आहे हे खरे. पण ईयोबाच्या २६ व्या अध्यायात ती कशावरही न टेकता अधांतरी असल्याचेही वर्णन आहे. काही उपदेशक यशया ४०:२२ वरून पृथ्वीचा गोलपणा सिद्ध करू पाहतात. आम्हांस तेही रुचत नाही, कारण वर्तुळ म्हणजे चेंडू नव्हे. भूमितीचा धडा देण्यासाठी संदेष्टे पाठविले गेले नव्हते. सूर्य उगवला असे पंचांगकर्ताही म्हणतो, म्हणून त्यास कोणी लबाड म्हणत नाही. देवाच्या बाजूने बोलताना असत्य बोलाल काय, असा जो प्रश्न ईयोबाने आपल्या मित्रांस केला, तो आपणही स्वतःस करावा. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या आरंभीच इशारा दिला होता की, आकाशाविषयी शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलणारा ख्रिस्ती मनुष्य परक्यांपुढे शास्त्रालाच हास्यास्पद करितो. १८७० साली इंग्लंडात हॅम्प्डन नावाच्या गृहस्थाने शास्त्राच्या अभिमानाने पृथ्वी सपाट असल्याबद्दल ५०० पौंडांची पैज लाविली. वॉलेस या शास्त्रज्ञाने कालव्यावर मापे घेऊन ती जिंकली. हॅम्प्डनने मापे मानिली तर नाहीतच, उलट वॉलेसची वर्षानुवर्षे निंदा केली व त्यापायी तुरुंगवास भोगिला.

आमचा तरुण बंधू तसा नाही. त्याने विचारले आहे. त्याच्या गावच्या पाळकांस आमची विनंती आहे की त्यांनी त्याच्या घरी जावे, येत्या विषुवदिनी काठी त्याच्याच हाती द्यावी व मापही त्यालाच घेऊ द्यावे. इतर मंडळ्यांनीही असेच करून गावाचे नाव, वेळ व सावलीची लांबी आम्हांस कळवावी. कोणाचे माप आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध आले, तर तेही आम्ही येथेच छापू.