झोपेसाठी डोक्याला चुंबक?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वर्षभर धड झोप नाही, रोज झोपेची गोळी. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मोठ्या शहरात चुंबकाने झोप आणतात म्हणे. मुलगा पैसे भरतोय. गोळी मी कालपासून बंदच केली." मी ती आधी पुन्हा सुरू करायला लावली. कारण पुढे येईलच.

हे चुंबक म्हणजे बाजारातले चुंबकीय पट्टे नव्हेत. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी हे तंत्र दाखविले. डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे कवटीखालच्या मेंदूपेशींत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. भूल लागत नाही. सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी मेंदूच्या त्या भागाची उत्तेजितता सहसा उतरते. निद्रानाशात मेंदू रात्रीही शांत होत नाही, म्हणून ही कल्पना. अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता मिळाली. निद्रानाशावरचे प्रयोग मात्र बहुतेक लहान आहेत. आशा वाटते, खात्री नाही.

या उपचारात क्वचित फिट येते. रोजची झोपेची गोळी एकाएकी तोडली तरी फिट येऊ शकते. गुरुजी दोन्ही एकदम करायला निघाले होते!

चौकशी केली तेव्हा कळले, दुपारी दोन तास झोप आणि रात्री नऊलाच अंथरूण. दुपारची झोप बंद केली, झोप आल्यावरच आडवे व्हायचे, उठायची वेळ पक्की. गोळी हळूहळू कमी करीत आहोत. परवा सलग पाच तास झोपले. पैसे तूर्त मुलाच्याच खात्यात आहेत.