खोकला दोन आठवड्यांवर गेला? बेडका तपासा

डिसेंबर २०२१ मध्ये लंडनच्या ख्रिस्तीज या लिलावघरात एक जुना सूक्ष्मदर्शक विकला गेला. सुमारे १८२५ साली बनवलेला, सुटा करून छोट्या पेटीत ठेवता येईल असा. तो चार्ल्स डार्विन यांचा. त्यांनी तो मुलाला, लिओनार्डला दिला होता. किंमत आली सुमारे ६ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ६ कोटी रुपये.

एवढ्या मोलाच्या या यंत्रातून क्षयाचा जंतू मात्र ओळखता आला नसता. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर हा जंतू त्यातल्या २ ते ४ भागांएवढा लांब. त्यासाठी शक्तिशाली भिंग हवे आणि जंतूला रंगही द्यावा लागतो. हे दोन्ही साधून रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून हा दिवस जागतिक क्षयरोग दिन. त्यानंतर महिन्याच्या आतच डार्विन वारले.

आज गावच्या साध्या प्रयोगशाळेतही हे काम होते. काचपट्टीवर बेडका पसरून लाल रंग देतात, ऊब देतात, मग आम्लाने धुतात. बाकी सर्वांचा रंग जातो, क्षयजंतूचा जात नाही. हजारपट मोठे केल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात.

गोवंडीत आम्हा डॉक्टरांना हा रोग नवा नाही. नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतीत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या घरांत ऊन-वारा शिरत नाही. अशा खोलीत एक जण खोकला की जंतू हवेत तरंगत राहतात आणि घरातली मुले तीच हवा घेतात. घरचा कमावता माणूस मात्र ‘विडीचा खोकला आहे’ म्हणत औषधाच्या दुकानातून सिरप नेत राहतो. रोजगार बुडेल, मुलीचे लग्न अडेल, ही भीती. पण खोकला लपवला तर तो घरभर पसरतो.

बेडका कसा द्यावा?

१. सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याने चूळ भरून.

२. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून. नुसती थुंकी चालत नाही.

३. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर. डबीचे झाकण घट्ट लावावे.

एक लक्षात ठेवा. एक मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. म्हणून ‘जंतू नाहीत’ असा अहवाल आला तरी खोकला, बारीक ताप, वजन घटणे चालू असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आता सीबीनॅट आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यांवर थोडे जंतूही सापडतात. रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही कळते.

सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागते. नेमक्या त्याच वेळी गोळ्या सोडू नयेत. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

आपल्या घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर उद्या सकाळीच त्याला तपासणीला न्या.