शाळेतली ‘सेन्को’ आपल्याकडे कुठे भेटेल?

प्रश्न : आम्ही मूळचे नंदुरबारचे, आता बारडोलीत स्थायिक. शेजारच्या काकूंची मुलगी इंग्लंडमध्ये शाळेत ‘सेन्को’ आहे म्हणे, म्हणजे वेगळ्या गरजा असलेल्या मुलांचं सगळं तीच बघते. माझा भाचा इथे तिसरीत आहे, त्याला जरा उशिरा समजतं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘याला स्पेशल शाळेत घाला.’ आपल्याकडे शाळेत असं कुणी असतं का? आणि हे ठरवायचं कुणी?
– एक मावशी, बारडोली

उत्तर : मावशी, आधी शेवटचा प्रश्न घेते. त्याचं उत्तर सरळ आहे : आईवडिलांनी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. भाच्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी शिक्षण हक्क कायदा आहेच. आठवीपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापक सुचवू शकतात, एवढंच.

आता सेन्को. इंग्लंडमध्ये हे पद १९९४ पासून रुळलं. तिथे प्रत्येक सर्वसाधारण शाळेत एका पात्र शिक्षकावर ही जबाबदारी नावानिशी टाकावीच लागते. विशेष शाळांना मात्र ही सक्ती नाही. तिथे सगळी शाळाच त्या कामासाठी.

आपल्याकडे असं पद कायद्यात नाही. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक असतात, पण बहुतेक फिरते. तालुक्याच्या बी.आर.सी. भवनातून, म्हणजे गट साधन केंद्रातून, ते एकेका शाळेत जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मुलांमागे एक. पदं मंजूर करा, असं न्यायालयाला मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावावं लागलं, यावरून काय ते समजा.

फिरते सर आले की बहुतेक शाळांत काय होतं? पोराला व्हरांड्यात घेऊन बसतात, अर्धा तास आकडे गिरवून घेतात आणि पुढच्या शाळेला निघतात. वर्गशिक्षिकेला काही सांगायला वेळच उरत नाही. खरं तर तो अर्धा तास तिच्यासोबत जायला हवा : याला पहिल्या बाकावर बसवा, फळ्यावरच्या पाच ओळी उतरवायला लावू नका, दोन पुरे, गणिताला मोठ्या चौकटींची वही द्या, एका वेळी एकच सूचना सांगा. पण त्यासाठी वेळापत्रकात दोघांचा एक तास एकत्र मोकळा लागतो आणि तो फक्त मुख्याध्यापक काढू शकतात. माझ्या मते पुढारपण म्हणतात ते एवढंच. भिंतीवरच्या ‘समावेशक शाळा’ या पाटीला मी फार किंमत देत नाही.

आणखी एक गाठ आहे, ती बाहेरून दिसत नाही. सर्वसाधारण शाळा शिक्षण खात्याकडे आणि विशेष शाळा गुजरातमध्ये समाज सुरक्षा खात्याकडे. महाराष्ट्रातही त्या शिक्षण खात्याखाली नाहीत. मूल इकडून तिकडे गेलं की खातं बदलतं आणि आधीच्या बाईंनी काय करून पाहिलं, ते सहसा मागेच राहतं.

तुमच्या बारडोलीत हे जास्तच बोचतं. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांवर आपल्याच धुळे-नंदुरबारकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, हंगाम संपला की परततात. स्थलांतरित मुलांना नव्या शाळेत बसता यावं म्हणून महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. पण कमी ऐकू येणारं पोर पडावावरून शाळेत आलंच, तर त्याला कोणत्या बाजूने हाक मारायची हे नव्या गुरुजींना नव्यानेच कळतं, तेही गुजरातीत.

भाच्यासाठी मुख्याध्यापकांना लेखी विचारा : विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात, त्यांचं नाव काय, वर्गशिक्षिकेशी बसतात का. नंतर बी.आर.सी. भवनात त्या शिक्षकांना भेटा. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला संकोच नको. आणि विशेष शाळाही एकदा आत जाऊन बघून या. तिथलं काम काही मुलांना खरंच जास्त मानवतं.