बोट मोडलं तर पहिला आठवडा मोलाचा



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या हातांना उसंत नसते. तोडणी, भरणी, वाहतूक या धांदलीत बोटाला मार बसणं नित्याचंच. आपण म्हणतो, "बोटच तर आहे, होईल बरं!" पण हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. ते का, हे थोडक्यात सांगण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

मनगटासह एका हातात २७ हाडे असतात. त्यांपैकी १४ बोटांत : अंगठ्यात दोन व इतर चार बोटांत प्रत्येकी तीन. उसाच्या कांड्यांप्रमाणे ती एकापुढे एक असतात. वरून मांसाचं आवरण थोडंच, म्हणून मार थेट हाडावर बसतो.

बोट कसं मोडतं?

ट्रॉली जोडताना पिनेपाशी बोट सापडतं. फाळका बोटावर पडतो. नट आवळताना पाना निसटतो. कासरा बोटाला गुंडाळून धरला आणि बैल बुजला, तर बोट पिळवटून मोडतं. कडबाकुट्टी व इंजिनाचा पट्टा यांत तर हाडाबरोबर कातडी आणि शिराही जातात.

ओळखावं कसं?

"बोट हलतंय, म्हणजे मोडलं नाही," हा समज चुकीचा आहे. मोडलेलं बोटही हलू शकतं. सूज, काळं-निळं पडणं, हाडावर दाबलं की कळ येणं, बोट वाकडं दिसणं ही लक्षणं पाहावीत. हळूच मूठ मिटून पाहा. एखादं बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड पिळलं गेलं असं समजावं. बोटाचं टोक खाली लोंबतंय आणि आपणहून सरळ होत नाही, तर टोकाचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. खात्री मात्र एक्स-रे काढल्यावरच होते.

ताबडतोब काय करावं?

१. अंगठी, वेढं लगेच काढावं. सूज चढल्यावर ते रुततं.
२. हात छातीच्या वर उचलून धरावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं लावावा.
३. शेजारच्या बोटाचा आधार देऊन, मध्ये कापूस ठेवून सैल बांधावं.
४. बोट ओढू नये, चोळू नये. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या तर रक्त थांबून बोट गमावण्याची वेळ येते.
५. जखम असेल, हाड दिसत असेल किंवा बोट बधिर, पांढरं पडलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.
६. बोट तुटून वेगळं झालं, तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.

उपचार

हाड जागेवर असेल, तर शेजारच्या बोटाशी बांधून किंवा पट्टी लावून साधारण तीन-चार आठवड्यांत काम भागतं. सरकलेलं हाड डॉक्टर बोट बधिर करून बसवतात. ते टिकत नसेल तर बारीक तार किंवा स्क्रू घालतात. लोंबणाऱ्या टोकाला सहा ते आठ आठवडे सतत सरळ पट्टी लागते. मध्येच वाकवलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

पहिला आठवडा मोलाचा तो यासाठी, की तेवढ्यात हाड सहज बसवता येतं. दोन-तीन आठवडे गेले की ते वाकडंच जुळू लागतं. मग ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. आणि वाकडं जुळलेलं बोट कोयत्याची मूठ नीट धरू देत नाही.

दुसरा धोका आखडण्याचा. मोठ्या माणसांची बोटं लहान मुलांपेक्षा लवकर आखडतात. म्हणून मोकळी बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवावेत. दुखऱ्या बोटाचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करावा. विडी-सिगारेट बंद ठेवावी, तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं. जड काम डॉक्टरांना विचारूनच धरावं.

ऊस एक दिवस उशिरा तुटला तरी चालेल. बोटाचा एक्स-रे मात्र लांबणीवर टाकू नये, एवढीच आमची सर्वांना विनंती.