1424 पायऱ्यांचा संगणक

आजोबा मोजणीदार होते. त्यांच्या कपाटात एक चपटं यंत्र सापडलं. मला वाटलं, जुना कॅल्क्युलेटर असेल. पण त्यावर ए ते झेड बटणं होती! तो निघाला शार्प कंपनीचा पीसी-1211, म्हणजे 1980 चा, बेसिक भाषा समजणारा खिशातला संगणक. अमेरिकेत टँडीने हाच टीआरएस-80 पॉकेट कॉम्प्युटर म्हणून विकला.

आधी रचना पाहू. आत चार बिटांचे दोन प्रोसेसर आहेत. एक प्रोग्राम वाचून गणित करतो, दुसरा बटणं आणि पडदा सांभाळतो. पडद्यावर एकच ओळ, 24 अक्षरांची.

खरी गंमत स्मृतीत आहे. आकड्यांसाठी ए ते झेड असे 26 खण आणि प्रोग्रामसाठी 1424 पायऱ्या. ‘प्रिंट’सारखी आख्खी आज्ञा एकाच पायरीत मावते. खण कमी पडले तर ए(27) पासून पुढचे खण प्रोग्रामच्या जागेतून घ्यायचे, प्रत्येकी 8 पायऱ्या देऊन. म्हणजे 10 खण वाढवले की 80 पायऱ्या गेल्या. आकडे वाढले की शब्द आवरायचे!

यंत्र बंद केलं तरी स्मृती टिकते, पण सेलांच्या जिवावर. सेल संपले की सगळं पुसलं जातं. मूळचे चार मर्क्युरी सेल आता मिळत नाहीत, म्हणून मी श्रवणयंत्राचे 675 नंबरचे सेल बसवले. पडदा जागा झाला, पण आजोबांचा प्रोग्राम केव्हाच गेला होता. प्रोग्राम कॅसेटवर उतरवता येत असे; ती कॅसेटही घरात नव्हती. मी हिरमुसलो.

आई म्हणाली, “अरे, बाबांची वही बघ ना!”

वहीत पेन्सिलीने प्रोग्राम लिहिलेला होता. शेताचे त्रिकोण पाडायचे आणि तीन बाजूंवरून हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढायचं. मी एकेक ओळ भरली. बाजू दिल्या 13, 14, 15. जरा थांबून उत्तर आलं, 84. हातानेही पडताळा: बेरजेची निम्मी 21; 21 × 8 × 7 × 6 = 7056; वर्गमूळ 84.

या यंत्राचे पडदे जुने झाले की काळे पडतात. आमच्याही पडद्याच्या कडेने डाग पसरतोय. तो भरायच्या आत मी वही उतरवून घेतोय. दोन अक्षरांमधलं गुणाकाराचं चिन्ह गाळलं तरी हे यंत्र समजून घेतं. अशा एका ओळीशेजारी आजोबांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘1 पायरी वाचली.’