खिन्न भगिनीचा भार कसा हलका करावा?

खडकी येथें १८६९ सालीं दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्या छावणीच्या गांवांत आजहि चार घरचीं धुणींभांडीं करून संसार ओढणाऱ्या पुष्कळ स्त्रिया राहतात. त्यांपैकीं एखादी हळूहळू कामास जाईनाशी होते, चूल पेटवीत नाहीं, मुलांकडे पाहत नाहीं. शेजारी म्हणतात, "आळशी झाली", सासू म्हणते, "बाहेरचें लागलें", मंडळींतील कोणी म्हणतो, "हिचा विश्वास ढळला." हे तिन्ही निवाडे बहुधा चुकीचे असतात. तिला नैराश्याचा आजार जडला असण्याचा संभव आहे, आणि हा आजार बरा होतो.

१. ओळख. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहणें, कशांतहि गोडी न वाटणें, झोंप व भूक उडणें, सदा थकवा, स्वतःस दोष देणें, मरणाचे विचार येणें, हीं याचीं लक्षणें होत. परंतु कष्टकरी बाई "मी उदास आहें" असें क्वचितच सांगते. ती म्हणते, "अंग दुखतें, डोकें जड आहे, अंगावरून पांढरें जातें." यास्तव शरीराची तपासणी करून घ्यावी, व मनाचीहि विचारपूस करावी.

२. कारणें. गोव्यांतील एका रुग्णालयांत बाळंतिणींची पाहणी झाली. ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा सुमारें २३ मातांस हा आजार असल्याचें आढळलें. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण व मुलगी झाल्याबद्दलची नाराजी यांचा त्याशीं निकट संबंध दिसला. तेव्हां ज्या घरांत मुलगी जन्मली म्हणून तोंडें उतरतात, त्या घरानें बाळंतिणीच्या दुःखांतील आपला वाटा ओळखावा.

३. उपाय. वैद्य थोडे, रोगी फार. मग गरिबास मदत कशी मिळावी? गोव्यांतील 'संगत' या संस्थेनें सामान्य शिक्षणाच्या माणसांस शिकवून तयार केलें. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रोग्यांवर प्रयोग झाला. त्यांत स्त्रियाच अधिक होत्या. ज्यांस या माणसांनीं सहा ते आठ वेळां भेटून धीर दिला, त्यांपैकीं शेंकडा ६४ जण तीन महिन्यांनीं आजारांतून सुटले. इतरांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. हा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. आफ्रिकेंतील हरारे शहरीं शिकवून तयार केलेल्या आजीबाई दवाखान्याच्या आवारांत बांकावर बसून असेंच काम करतात. पुण्याच्या वस्त्यांतहि १९९९ सालीं स्थापन झालेल्या बापू ट्रस्टनें घरोघर जाऊन स्त्रियांस आधार दिला आहे.

४. भेटीची रीत. उपदेशकांनीं आपल्या पत्नीस किंवा एखाद्या वडील भगिनीस पाठवावें. तिनें ठरल्या दिवशीं जावें, आधीं ऐकावें, आणि ऐकलेलें दुसऱ्या घरीं नेऊं नये. गोव्यांतील पद्धतीचें मर्म असें कीं, मन प्रसन्न होण्याची वाट न पाहतां लहानसें काम ठरवावें: उद्यां वेणी घालणें, परवां शेजारणीबरोबर भाजी आणावयास जाणें. कामानें मन हळूहळू उभारी धरतें. मग कर्ज, शिधापत्रिका, नवऱ्याचें दारूपान, यांपैकीं एकेक अडचण घेऊन वाट शोधावी. मारहाण होत असेल तर "सोसून घे" असें सांगूं नये. २००५ च्या कायद्यानें तिला संरक्षण दिलें आहे. एलीयानें मरण मागितलें तेव्हां देवदूतानें त्याला दोष दिला नाहीं. आधीं भाकर व पाणी दिलें.

५. धोक्याची खूण. "जगून काय करूं?" असे उद्गार ऐकूं आल्यास स्पष्ट विचारावें, "जीव द्यावा असें मनांत येतें काय?" विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट बोलण्यास वाट मिळते. उत्तर होय असें आलें, तर तिला एकटी सोडूं नये, कीटकनाशक व रॉकेल दूर ठेवावें, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

विचारासाठीं प्रश्न: आपल्या मंडळींत कोणती भगिनी अलीकडे दिसेनाशी झाली आहे? या आठवड्यांत तिच्या घरीं कोण जाईल?